न मोजलेले महिने

"ही साडी कुणी कापली?"

दारात उभा असलेला तरुण माझ्याकडे बघतही नव्हता. मोरपंखी साडीचा पदर त्यानं उन्हात धरला होता आणि कपाळाला आठ्या घालून एकेक फूल तपासत होता.

"मी," मी म्हटलं. पाय प्लास्टरमध्ये असला की दुसरं काय करणार? कबूल करायचं.

"ताई, लोंबणारे धागे कापायचे असतात. तुम्ही फुलांचे देठ कापलेत."

"फुलं तर आहेत ना?"

"आहेत..." त्यानं साडी माझ्यापुढं धरली, "हवेत."

मला हसू फुटलं. त्यानं त्याचं दाबलं. पण डोळ्यांत ते राहिलंच.

सुरतच्या नवागाममध्ये, आमच्या गल्लीत घरोघरी हेच काम. भरतकामाचं मशीन एका फुलावरून दुसऱ्यावर उडी मारताना मागं धागा सोडतं, तो बायकांनी कात्रीनं कापायचा. बसून बसून कंटाळले म्हणून मी आईची कात्री उचलली होती. आवाज ऐकून आई आतून धावत आली, साडी बघितली आणि डोक्याला हात लावला. "काय करी टाकं वं माय तू!"

आमच्याकडं राग आणि लाड, दोन्ही अहिराणीतच होतात.

"असू द्या, काकू," तो म्हणाला. "देठांवर टिकल्या चिकटवून भागवू. नवीन डिझाइन म्हणून खपेल."

त्याचं नाव वाल्मिक. सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत त्याचं भरतकामाचं छोटं युनिट होतं. रोज टेम्पोवाला गठ्ठे टाकून जायचा. त्या दिवशी तो गावी गेलेला, म्हणून मालक स्वतः आला होता. टेम्पोवाला दुसऱ्या दिवशी परतला, हे मला नंतर कळलं. गठ्ठे मात्र त्यानंतरही मालकच आणत राहिला.

"काय ताई, आज कशाचा बळी?"

"आधी ते ताई बंद करा."

"मग काय म्हणू? गल्लीत तर सगळे लेफ्टनंट म्हणतात."

"गल्लीला घाई झालीय. मी अजून कॅडेट आहे."

तो उंबऱ्यावरच बसला. आईनं पाणी दिलं, मग चहा, मग कैरीच्या फोडी. मी सांगत गेले. चेन्नईच्या अकादमीत मी अधिकारी व्हायचं प्रशिक्षण घेत होते. धावता धावता नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. इतके आठवडे मैदानाबाहेर राहिलं की आपल्या तुकडीबरोबर पुढं जाता येत नाही. एक टर्म मागं ठेवतात. सहा महिने. माझी खोलीतली मैत्रीण प्रियांका सप्टेंबरात अधिकारी होणार. मी त्याच्या पुढच्या मार्चात.

"सहा महिने म्हणजे काय मोठंसं?" वाल्मिक म्हणाला. "पैसे तर येतात ना दर महिन्याला?"

"येतात. विद्यावेतन म्हणून. पण नोकरी मोजायला लागतात ती खांद्यावर तारे चढले, त्या दिवसापासून. त्याआधीचं सगळं — चिखल, घाम, हा पाय — सेवेत धरतच नाहीत. प्रियांका माझ्याआधी कॅप्टन होणार, माझ्याआधी मेजर. पगारही तिचा आधी चढणार. कायम. मी आयुष्यभर सहा महिने मागं."

"आणि तिला सलाम ठोकायचा."

"...हो."

"म्हणजे दुखतंय ते पायात नाही," तो हळूच म्हणाला.

मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्यानं कैरीची शेवटची फोड न खाता माझ्याकडं सरकवली होती, आणि तिखटमीठही जास्त माझ्याच बाजूला होतं.

प्लास्टर निघालं तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. नेमकं कधी, कुणाच्याच लक्षात नाही. एका रविवारी आईला विचारून तो मला मोपेडवर चलथाणला घेऊन गेला. साखर कारखान्याच्या रस्त्याला मळीचा आंबूस-गोड वास, दोन्ही बाजूंना उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. रसाच्या गाडीवर आम्ही बाकावर बसलो. वारा गरम होता. माझी ओढणी त्याच्या ग्लासात जाऊन आली, तर तो ओढणीला म्हणाला, "घे, तूपण घे."

मी खूप हसले. मग ग्लासाकडं बघत बोलून टाकलं, "वाल्मिक, मी परत जाणार नाहीये."

त्यानं ग्लास खाली ठेवला. गाडीवाल्याला सुटे पैसे दिले, मोपेड वळवली. सगळा रस्ता मला त्याची फक्त पाठ दिसत राहिली.

आणि पुढच्याच आठवड्यात त्याची आई आमच्या घरी आली. शोभाबाई. जरीकाठी साडी, हातात नारळ, आणि बोलणं थेट. पोरगी पसंत आहे, पोराच्या मनात आहे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुपारी फोडू, वैशाखातच लग्न.

"पण हिचं ट्रेनिंग..." आई चाचरली.

"ट्रेनिंग म्हणजे नोकरीच ना? पगार येस ना? मंग रजा टाक नि लगीन करी ले, बेटा."

सगळ्या गल्लीची हीच समजूत होती. पैसे आले म्हणजे नोकरी सुरू झाली. मी समजावलं, "काकू, प्रशिक्षणात लग्न चालत नाही. केलं की बाहेर. झालेला खर्चही भरायचा."

"मंग बाहेर ये," शोभाबाई सहज म्हणाल्या. "आमनं घर शे ना!"

किती सोपं होतं! परत जायचं नाही, सहा महिन्यांची बोच नाही, कुणाला सलाम नाही. आणि वर वाल्मिक. मी मनातल्या मनात 'हो' म्हणून टाकलं होतं. फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं बाकी होतं.

तो त्याच्या युनिटमध्ये भेटला. मशीनच्या खडखडाटात ओरडून बोलणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही बाहेर, कापडाच्या गाठींच्या सावलीत उभे राहिलो.

"काकू येऊन गेल्या."

"माहितेय."

"मग? तुझं काय म्हणणं?"

त्यानं केसांत अडकलेला जरीचा तुकडा काढला, फुंकर मारून उडवला.

"आत्ता नाही सांगणार."

"म्हणजे? नाही म्हणायचंय?"

"हर्षाली... मी आत्ता जे बोलेन, त्यावर तू ठरवशील. ते मला नकोय." तो थांबला. "प्रियांकाला सलाम ठोकायला लागू नये म्हणून माझ्याशी लग्न करणार असशील, तर मी नवरा नाही. लपायची जागा आहे."

"फार शहाणा आहेस!"

"नाही. स्वार्थी आहे. दहा वर्षांनी वर्दीतली बाई दिसली की तू खिडकी बंद करशील, आणि मी घरात असेन. मला ते बघायचं नाही."

मी तरातरा निघून आले. रिक्षात बसल्यावर कळलं की मी अजिबात लंगडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे बूट बांधले आणि शाळेच्या मैदानावर गेले. डॉक्टरांनी धावायची परवानगी दिली होती. मीच टाळत होते. एक फेरी. मग आणखी एक. घाम डोळ्यांत उतरला, छाती भरून आली, आणि त्या दमण्यात असा काही आनंद होता की मी एकटीच मोठ्यानं हसले. मैदानावर माझ्यापुढं कुणी नव्हतं, मागं कुणी नव्हतं, आणि तरी मला धावायचंच होतं. अधिकारी मला व्हायचं होतं. प्रियांकाच्या आधी होणं ही नुसती हौस होती.

घरी येताना तिला फोन लावला. "मॅडम, परत येतेय. सलाम कडक मारणार, बघच."

"मारावाच लागेल!" प्रियांका अकोल्याच्या ठसक्यात किंचाळली. "वाट पाहून पाहून थकली न मी, बापा!"

आता उरल्या होत्या शोभाबाई. सुपारीची बोलणी करायला भाऊबंद आमच्या ओटीवर जमले, तेव्हा मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि तिथंच उभी राहिले.

"काकू, मी परत चाललेय. लग्न मला वाल्मिकशीच करायचंय, पण तारे लागल्यावर. पुढच्या मार्चनंतर. तुम्हाला चालत असेल तर सुपारी आज फोडा. नसेल तर आजच सांगा, मी रागावणार नाही."

एक काका खाकरले. आमच्यात सुपारी फुटली की त्याच मोसमात लग्न. पोरगी वर्षभर ठेवली की लोक दहा तोंडांनी बोलतात. आईनं माझा हात घट्ट धरला. त्या हातात भीती होती, पण ओढणं नव्हतं.

शोभाबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग विचारलं, "वाल्मिक सांगत व्हता. ते ट्रेनिंगना महिना सरकार नोकरीमा मोजत नही. खरं शे का?"

"खरं आहे, काकू."

"एक बी नही?"

"एकही नाही."

त्यांनी पिशवीतून सुपारी काढली, पाटावर ठेवली आणि भाऊबंदांकडं वळून ठणकावलं, "सरकार मोजत नही, मंग आम्ही बी मोजत नही! ज्याले मोजना शे, त्यानी आपला घर बसीसन मोजा."

काकांना हसता हसता ठसका लागला. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. सुपारी फुटल्याचा खणखणीत आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार, कारण तिथं मोपेडला टेकून उभा असलेला वाल्मिक एकदम सरळ झाला.

मी त्याच्याकडं चालत गेले. सावकाश, ताठ. सगळ्या दारांतून बायका बघत होत्या.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"तुझं लग्न लांबलं."

"...आणि ठरलं?"

"ठरलं. मी आधीच ठरवून आले होते. सगळं." मी हाताची घडी घातली. "आता बोल. आता तुझ्या बोलण्यानं काही बदलणार नाहीये."

त्यानं एकदा दारांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. कान लाल झाले होते.

आणि मग भर दुपारी, सगळ्या गल्लीच्या देखत, तो बोलला.