खाऱ्या पाण्यातली लेकरं

हे कोणाला सांगायचं नाही, असं उद्धवरावआजोबांनी बजावलं होतं. तरी लिहिते. वीज गेली होती, आम्ही पोरं ओट्यावर बसलो होतो. आजोबांनी हलक्या आवाजात आपल्या शेजारच्या चंपतगुरुजींची गोष्ट काढली.

गेल्या बुद्ध पौर्णिमेला गुरुजी आदिलाबादहून नवी ट्यूबलाइट घेऊन आमच्या गावी, तलमडुगूला परतले. घरासाठी नव्हे, एका काचेच्या चंबूसाठी. त्यांची लेक दीक्षा विशाखापट्टणमला समुद्रातलं शेवाळ वाढवायला शिकत होती. नुसत्या डोळ्यांना न दिसणारं, उजेडावर जगणारं शेवाळ. केसासारख्या काचेच्या नळीनं थेंबातला एकच जीव वेगळा काढायचा आणि खाऱ्या पाण्यात वाढवायचा. "बाबा, ही सगळी त्या एकीचीच लेकरं," चंबूतलं हिरवं पाणी दाखवून ती म्हणायची.

ती तिकडेच तापानं गेली. मैत्रिणीनं चंबू आणि समुद्राच्या पाण्याचा कॅन घरी आणून दिला. गुरुजी सकाळ-संध्याकाळ चंबू हलवत, तळाशी बसलेलं हिरवं वर आणत. नातवंडांना झोपेतून उठवावं तसं.

त्या संध्याकाळी पाणी पांढुरकं दिसलं.

"चंपा, यात काय टाकलं वं?" गुरुजींनी बायकोला विचारलं.

"आज पुनवेचा दिवस. पोरगी किती दिवस खारं पाणी पेईल? म्या तिले विहिरीचं गोड पाणी पाजलं."

गोड्या पाण्यात ते जीव फुटून मरतात. गुरुजी ओरडले, "तूच मारलं तिले!"

 चंपाबाई न जेवता भिंतीकडे तोंड करून निजल्या. गुरुजींना शब्द मागे घ्यायचा होता. तोंडातून निघेना.

मध्यरात्री वीज गेली.

खळ्... खळ्...

काचेत पाणी फिरत होतं. हळू. दीक्षा फिरवायची तसं. चंपाबाई शेजारीच निजलेल्या.

"दीक्षा...?"

आवाज थांबला.

अनवाणी पावलं. त्यांच्याकडे नाही. आईच्या बाजूला.

"पोरी... आईवर रागावू नको. चुकी माही आहे..." गुरुजी अंधारात पुटपुटले.



उजाडलं. चंबूतलं शेवाळ मेलेलंच होतं. पण चंपाबाईंच्या गालावर पाच बोटं उमटली होती. पांढरी. मिठाची. गाल कुरवाळावा तशी.

"आसवं वाळली असतील," आमच्यातला पंढरी म्हणाला.

"आसवाले बोटं असतात काय रे?" आजोबा म्हणाले. 

काल नळावर मी स्वतः पाहिलं. चंपाबाईंनी तोंड धुतलं, पदरानं पुसलं, आणि तरी त्यांच्या गालावर ती पांढरी बोटं... आई बोलावते आहे, चंपाबाईच दारात आल्या आहेत, मला आता हे पान लपवायला