बुक्क्याचा उत्तररंग

काट्यावर बुक्क्याला बसवलं आणि आकडा उमटला : एक किलो सातशे वीस ग्रॅम.

"आजही कमीच!" चार्वीने वहीत नोंद केली. सहा दिवसांपूर्वी हाच ससा अठराशे ग्रॅम भरला होता. बत्ताशाचीही तीच गत. गवत मात्र दोघं रोजच्याइतकंच फस्त करत होते. मग खाल्लेलं जात होतं कुठे?

काळाभोर बुक्का आणि पांढराशुभ्र बत्तासा, हे अकरा वर्षांच्या चार्वी केळुसकरचे दोन ससे. येत्या शुक्रवारी घरातली सगळी रामनवमीच्या उत्सवासाठी कोकणात निघणार होती. पाडव्यापासून नवमीपर्यंत तिथल्या देवळात आजोबांची कीर्तनं होती. डॉ. अच्युतराव केळुसकरांनी जन्मभर जनावरांच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांचा (नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा) अभ्यास केला आणि निवृत्त झाल्यावर ते कीर्तनाला उभे राहू लागले. यंदा प्रथमच त्यांच्या मागे झांज घेऊन चार्वी उभी राहणार होती. सहा महिने तालीम चालली होती.

सशांची जबाबदारी सोसायटीच्या 'दक्ष' या यंत्रमानवावर टाकायची, असं ठरलं होतं. २०६१ साली अशी कामं यंत्रमानवच करत. जाण्याआधी रंगीत तालीम म्हणून दक्ष सोमवारपासूनच कामाला लागला होता. आज रविवार.

"चार्वीताई," दक्ष म्हणाला, "दोन्ही सशांना जुलाब होताहेत. रोज मऊ लेंड्यांचे घोस सापडतात. आजारी प्राणी एकट्याने सांभाळणं माझ्या नियमांत बसत नाही."

"म्हणजे मी जायचं नाही?"

"ते तुम्ही ठरवा. माझं काम कळवण्याचं."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "ससे बरे नसतील तर तू नि मी राहू घरी. मुक्या जिवांना असं टाकून तिकडे पाळणा म्हणायचा, ते रामाला तरी रुचेल का गं?"

चार्वी उठली. झांजेची पिशवी तिने कपाटात आत सरकवली.

तेवढ्यात आजोबा भिंग घेऊन आले. दक्षने पिंजऱ्यातून उचलून आणलेला एक घोस त्यांनी निरखून पाहिला. इवल्या द्राक्षांच्या घडासारखा, चकचकीत.

"हा जुलाब नव्हे," ते म्हणाले. "पण हा इथे दिसायलाही नको."

"का?"

"सगळं मीच सांगू होय? दुपारभर पिंजऱ्यापुढे बैस आणि बघ. हातात मोबाइल नको."

चार्वी बसली. सशांनी गवत खाल्लं, मिश्या साफ केल्या आणि ते पसरले. तास-दोन तासांनी बुक्क्याने अंग गोळा केलं, मान वाकवून तोंड पोटाखाली नेलं. लगेच दक्षचा मऊ रबरी हात गजांतून आत गेला आणि त्याने बुक्क्याची हनुवटी अलगद वर उचलली. बुक्क्याने पाय आपटला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. दुपारभरात अकरा वेळा!

"दक्ष, हे काय चाललंय?"

"तुमचीच सूचना. क्रमांक चार : 'ते घाण खायला लागले तर लगेच थांबव.'"

चार्वीने देवघराकडे पाहिलं. पिंजरा देवघराच्या भिंतीला लागून होता. एकदा बुक्क्याला लेंडी खाताना पाहून ती "शी! देवाच्या शेजारी!" म्हणून ओरडली होती, आणि दक्षला सूचना देताना हे कलम तिने आठवणीने घातलं होतं.

"आजोबा, माझं काय चुकलं?"

"सांगतो. कीर्तनात पूर्वरंग झाल्यावर काय?"

"उत्तररंग. आधी निरूपण, मग आख्यान."

"आणि निरूपण संपताच कुणी श्रोत्यांना उठवून घरी धाडलं तर?"

"अर्धंच कीर्तन पदरात पडेल."

"सशाचं जेवणही दोन रंगांत होतं." आजोबांनी तिची वही ओढून चित्र काढायला घेतलं. "गवत पोटातून लहान आतड्यात येतं. अन्नातलं बहुतेक सगळं पोषण रक्तात शोषून घेणारी लांबलचक नळी ती. पण गवताचे चिवट तंतू तिथे पचत नाहीत. ते पुढे अंधनालेत (एका टोकाला बंद असलेल्या आतड्याच्या मोठ्या पिशवीत) जातात. तिथे कोट्यवधी सूक्ष्मजीव आंबोळीच्या पिठासारखं ते आंबवतात. त्यातून प्रथिनं तयार होतात, जीवनसत्त्वं तयार होतात..."

"थांबा!" चार्वीने चित्रावर बोट ठेवलं. "शोषून घेणारं लहान आतडं तर मागेच राहिलं!"

"शाब्बास! प्रसाद झाला तयार, पण मंडपाच्या बाहेर. आता तो आत कसा न्यायचा?"

चार्वीचं बोट चित्रावर उलटसुलट फिरलं. मग तिचे डोळे मोठे झाले. "पुन्हा तोंडातून!"

"तोच तो मऊ घोस. ससा तो बाहेर पडता पडताच तोंडात घेतो, म्हणून एरवी आपल्याला दिसत नाही. कोरड्या गोल लेंड्या म्हणजे खरा टाकाऊ भाग. गाईची आंबवायची पिशवी आतड्याच्या आधी असते, म्हणून तिचं रवंथावर भागतं. सशाची नंतर, म्हणून त्याला ही वाट."

"म्हणजे सहा दिवस मी त्यांना उत्तररंगाआधीच उठवत होते."

"उठवलंस खरं. आता बसू दे."

दक्ष ऐकत होता. "स्वच्छता हीच सेवा, असं मी धरून चाललो होतो."

"मीसुद्धा," चार्वी म्हणाली.

तिने चौथं कलम खोडलं आणि नवं लिहिलं : 'ससा विसाव्याला बसून खाली वाकला, तर हात लावू नकोस. मऊ घोस पडून राहू लागले किंवा ससा खाईनासा झाला, तर लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांना आणि मला कळव.' सोमवारी डॉक्टरांनीही दोघांना तपासलं आणि नव्या कलमाला मान डोलावली.

गुरुवारी बुक्का सतराशे साठ ग्रॅम भरला. "मऊ घोस : शून्य," दक्षने कळवलं. "आता नियमांत बसतं. निघा तुम्ही." कपाटातून झांजेची पिशवी बाहेर आली.

उत्सवाचा चौथा दिवस. पूर्वरंग संपला होता. आजोबांना हार घातला जात होता, कपाळांना बुक्का लागत होता. चार्वीच्या मनगटावरची पट्टी हलकेच थरथरली. दक्षचा निरोप होता :

'बुक्का आज पाच वेळा वाकला. मी पाचही वेळा हात आवरला. वजन सतराशे नव्वद. एक प्रश्न : सोसायटीत दोन कासवं आणि एक पोपट आहे. त्यांच्याबद्दलही मला काही माहीत नसेल का?'

तिने उत्तर धाडलं : 'बरंच नसेल. मलाही नाही. आले की दोघं मिळून बघू.'

आजोबांनी मागे वळून पाहिलं. "झांज तयार?"

"तयार!"

आणि उत्तररंग सुरू झाला.