मीठ नका टाकू, मावशी

वसतिगृहाची स्वतःची दीड एकर धानाची बांधी होती, आणि पाचवी ते मॅट्रिकच्या सदतीस पोरींनी मिळून तिचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, उरकायचा, हा तिथला नेम. आंबागडच्या डोंगराखाली, तिथल्या लहानशा तळ्याच्या, बोडीच्या, पाण्यावर पिकलेला तो भात वर्षभर त्यांच्याच ताटात पडायचा, म्हणून कामाला कुणी कुरकुरत नसे. कुरकुर असायची ती जळवांची. चिखलातून धुऱ्याच्या बांधावर आल्या की पोरी एकमेकींच्या पोटऱ्या तपासत, किंचाळत, आणि स्वयंपाकीण यशोदाबाई मिठाची पुडी उघडून बसत.

अठ्ठ्याहत्तर सालच्या रोवण्याला सातवीत नवी आलेली गुलाब होती. वैनगंगेत मासे धरणाऱ्या ढिवराची पोर. अंगाने काडी, बोलायला गोड. तिच्या पायाला एकही जळू नव्हती.

"हिचं रगत कडू असंल," रुखमा म्हणाली. सगळ्या हसल्या. गुलाबही हसली.

रुखमाच्या पोटरीवरच्या टम्म जळूवर यशोदाबाई मीठ टाकणार, तोच गुलाबने त्यांचं मनगट धरलं. हात बोडीच्या तळासारखा गार.

"मीठ नका टाकू, मावशी. मिठानं ओकते ते, सारं सांडते."

नखाने तिने जळू अलगद सोडवली आणि डालड्याच्या डब्यात टाकली.

"कायले पायजे तुले?"

"कोंबड्याईले."

वसतिगृहात कोंबडीचं पीसदेखील नव्हतं. यशोदाबाईंच्या हे ध्यानात आलं ते संध्याकाळी, तांदूळ पाखडताना.

मग त्या बघत राहिल्या. गुलाब ताटातला भात बोटांनी फिरवायची आणि नजर चुकवून शेजारणीला द्यायची. तरी गालांवर तकाकी. कपडे धुवायला पोरी बोडीवर गेल्या की तिचा डबा सोबत असायचाच. एका दुपारी लाकडं आणायला यशोदाबाई मागच्या पडवीत गेल्या, तर गुलाब भिंतीला टेकून बसलेली. डबा मांडीवर, डोळे मिटलेले. शेंगा सोलून खाव्यात इतकी निवांत.

चाहूल लागून तिने डोळे उघडले. यशोदाबाईंनी पदराने तिच्या ओठाचा कोपरा पुसला.

"चाल, बाई. घंटा झाली."

यशोदाबाई देवभोळ्या नव्हत्या. वीस वर्षं परक्या पोरींना जेवू घालत आल्या होत्या. कुणी माती खायची, कुणी खडू, एक तर भिंतीचा पोपडा. कोणत्या पोरीला काय पचतं ते बघायचं आणि गप्प राहायचं, एवढंच त्यांना कळे. कुणाला चावत नव्हती ना? मग झालं.

धान कापलं गेलं. बोडी आटत गेली. संक्रांतीनंतर तिथे भेगाळलेला चिखल तेवढा उरला, आणि गुलाब खाटेला लागली.

रेक्टर गोदावरीबाई कडक होत्या, वाईट नव्हत्या. "परीक्षा एप्रिलात, ही तोवर टिकत नाही. बापाला कार्ड टाकलंय. रविवारी घेऊन जाईल."

अर्ध्या वर्षातून घरी गेलेली पोर परत शाळेत आलेली यशोदाबाईंनी कधी पाहिली नव्हती. आणि ही वर्गात पहिली येणारी. "मले सिस्टर व्हायचं हाय, मावशी," असं चुलीपाशी बसून सांगणारी.

शनिवारी सकाळी पोरी वर्गात असताना त्या गुलाबच्या खाटेवर बसल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

"घे."

"नोको, मावशी."

"ताट वाढल्यावर नाही म्हणते काय? घे."

दुखलं नाही. नुसतं गार वाटलं, उन्हाळ्यात पाण्यात पाय सोडावा तसं. बाहेर सातवीच्या पोरी पाढे म्हणत होत्या. सतरावा पाढा संपला तेव्हा गुलाबने डोकं वर केलं. गाल लाल झाले होते.

रविवारी बाप आला. बाबुलाल. पोरगी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. ते पाहून त्याला आनंद झाला नाही. तो आजूबाजूच्या एकेकीच्या पायांकडे बघत गेला, आणि यशोदाबाईंच्या पायांपाशी थांबला.

"तुमी?"

"परीक्षेपर्यंत राहू दे, भाऊ. पोरगी हुशार हाय."

त्याने धोतराचा काठ थोडा वर केला. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत व्रण. मधे बोट ठेवायला जागा नाही.

"इची माय लय माया करे," तो म्हणाला. "आजीबी. आता घरी मी एकलाच उरलो."

गोदावरीबाईंनी मागवलेला चहा न घेताच तो निघून गेला. तो फाटकाबाहेर जाईपर्यंत गुलाब हात हलवत राहिली.

सोमवारी चुलीपाशी यशोदाबाईंना घेरी आली. भिंत धरून सावरल्या, तर दारात रुखमा. हातात वहीचं पान.

"मावशी, तुमी एकल्या किती पुरान? आमी बाऱ्या लावल्या. परीक्षेले सत्तर दिवस, आमी पस्तीस जणी. दोन-दोन बाऱ्या. कोणाले जड नाय जात."

यशोदाबाईंनी पान घेतलं. समास आखलेला, नावं ओळीने, वळणदार. अक्षर गुलाबचं होतं.

"तुमाले समजलं कवा?"

"रोवण्यातच," रुखमा म्हणाली. "आपली हाय ना ते."

पाचवीतली चंद्रभागा, सगळ्यांत लहान, रुखमामागून मुसमुसत पुढे आली.

"मावशी, पाहा ना. माहंच नाव काहून नाय टाकलं?"

तिच्या मागोमाग आलेल्या गुलाबने तिला उचलून कडेवर घेतलं, डोळे पुसले. मग दोन बोटांनी तिची पोटरी हळूच चाचपली.

"रडू नोको, बाई. लहान हायस अजून. तुहं पुढच्या साली."