जिथे धागा हलत नाही

नेत्राला त्या दिवशी फक्त धागा हवा होता.

दुसऱ्या दिवशी बारावीच्या मुलांना स्थिर तरंग दाखवायचे होते आणि प्रयोगशाळेतला शिवणाचा दोरा पुन्हा तुटला होता. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागून तिला जेमतेम वर्ष झालेलं. घरी परतताना ती कामतघरच्या आपल्याच गल्लीतल्या कापड विणायच्या कारखान्यात शिरली. आत बारा लूम, विजेवरचे माग, एकदम धडधडत होते. लूमपाशी उभ्या असलेल्या तरुणाने तिच्याकडे पाहून ओठ हलवले... आवाज मात्र आलाच नाही.

"काय?" ती ओरडली.

त्याने हसून तिला दाराबाहेर नेलं. "आत ओरडून घसा बसतो, मॅडम. आम्ही ओठांवरनंच बोलतो. मी म्हटलं, ओढणी सांभाळा, पट्ट्यात जाईल."

तो प्रितेश. लूम त्याच्या वडिलांचे, हिरामणशेटचे. पण चालवायचा तोच, सोबत म्हातारा चिंधूदादा आणि चार कारागीर.

"धागा देतो," तो म्हणाला, "पण गाठ तुम्ही मारू नका, उद्या येऊन मीच मारतो. तुमच्या गाठीनेच तुटत असणार."

"बघितलीत कुठे माझी गाठ?"

"न बघताच कळतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरंच प्रयोगशाळेत आला. इवलीशी, दिसणारही नाही अशी गाठ मारून त्याने धागा थरथरवणाऱ्या कंपकाला तो बांधला. दुसरं टोक कप्पीवरून खाली सोडून नेत्राने पारड्यात वजनं ठेवली आणि बटण दाबलं. धागा थरथरला, विसकटला... आणि मग एकाएकी त्याचे तीन फुगे झाले. शांत, पारदर्शक, जागच्या जागी.

"लाट थांबली?"

"थांबल्यासारखी दिसते. इथून निघते, कप्पीपाशी आपटून मागे येते. जाणारी आणि येणारी एकमेकींत मिसळतात. मग काही जागा खूप हलतात, काही मुळीच नाही."

"आणि मागे आलीच नाही तर?"

"तर नुसतीच निघून जाते."

त्याने बोट पुढे केलं. "अहो, हात नका लावू —" ती म्हणेपर्यंत बोट टेकलंसुद्धा. नेमकं दोन फुग्यांच्या मधल्या बिंदूवर. दोन्ही बाजूंचे फुगे तसेच थरथरत राहिले. एकही जरासुद्धा मोडला नाही.

"कसं जमलं तुम्हाला?"

"रोज ताण्यावर, लूमच्या उभ्या धाग्यांवर, बोट ठेवून बघतो. कान अधू झाले, तशी बोटं शहाणी झाली."

तो आपल्या ओठांकडे बघतो म्हणून नेत्रा मघापासून लाजत होती. तो ऐकण्यासाठीच बघतो हे कळून आता तिला वेगळीच लाज वाटली.

मग धागा वारंवार संपू लागला.

"किती लागतो हो तुमच्या कॉलेजला? साडी विणताय काय?"

"विणतेय. तुम्हाला काय त्याचं?"

असं करत करत ती आवाजाशिवाय बोलायला शिकली. आधी 'चहा', मग 'उद्या', मग 'येते'. चिंधूदादा शेजारच्या लूमवरून बघायचा आणि मिशीत हसायचा.

आषाढ सरता सरता एका संध्याकाळी आई म्हणाली, "रयवारी खारबावचं पावनं तुला बगायला येनार हाय. पोरगा रेल्वेत हाय, नाय म्हनू नको."

नेत्राने ते प्रितेशला कारखान्याच्या दाराशी सांगितलं. तो काही बोलेल म्हणून उभी राहिली. त्याने हातावरचा कापूस झटकला.

"चांगलं आहे की."

"एवढंच?"

"डावा कान गेला, मॅडम. उजवाही चाळिशीपर्यंत जाईल, डॉक्टर म्हणाले. तुमचं सगळं आयुष्य बोलण्यात. घरी आल्यावर काय भिंतीशी बोलणार?"

ती काही सांगणार तोच त्याने मान फिरवली. नेत्राला कळलं, याला दार लावायचीही गरज नाही. याने नुसती मान फिरवली की आपले शब्द निघून जातात, परत येत नाहीत.

शनिवारी दुपारी ती कारखान्यात गेली. तो लूमच्या मागे वाकून, ताणलेल्या धाग्यांवर बोटं ठेवून उभा होता. त्याची पाठ तिच्याकडे. हाक मारून उपयोग नव्हता. ती पलीकडे गेली आणि त्याच धाग्यांवर तिने हलकेच एक बोट टेकवलं.

त्याने चमकून वर पाहिलं.

नेत्राने ओठ हलवले, आवाज न काढता. "भिंतीशी नाही बोलणार. घरी आले की आधी तुझ्यासमोर येऊन उभी राहीन. मगच बोलेन."

आजवर ती त्याला 'तुम्ही' म्हणायची. त्याच्या डोळ्यांनी ते टिपलं.

"तू फक्त मान फिरवू नकोस," ती म्हणाली. "तेवढंच कर."

बारा लूम धडधडत होते. त्याने मान फिरवली नाही. डोळे भरून तिच्याकडे बघितलं... मग ओठ हलले.

"पाहुणे किती वाजता येतायत?"

"अकराला."

"मी बाबांना घेऊन दहाला येतो."

आपण चुकीचं वाचलं असेल या भीतीने तिने मान हलवून पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर. तिचं बोट अजून धाग्यावरच होतं.

तेवढ्यात शेजारच्या लूमवरून कुणीतरी हात हलवला. चिंधूदादाने सगळं वाचलं होतं. पंच्याने डोळे पुसत त्याने दोघांना दिसतील असे ओठ हलवले —

"नऊलाच जा रे. दहाला उशीर होईल."