तळेघरच्या ब्लॉगवरची एक ओळ

मंचरच्या एसटी स्टँडसमोर संपतभाऊंचा सायबर कॅफे होता आणि तिथे मराठी झरझर टाइप करणारी एकटी वृषाली होती. अर्ज, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव... दिवसभर तेच. म्हणून दोन हजार आठच्या दिवाळीनंतर एका शनिवारी दुपारी कुणीतरी काउंटरवर वही ठेवली, तेव्हा तिनं मान वर न करताच विचारलं, "अर्ज कुणाच्या नावानं?"

"अर्ज नाही..." समोरचा घुटमळला. "ब्लॉग आहे."

आता तिनं वर पाहिलं. पायात लाल मातीनं माखलेल्या चपला, खिशाला दोन पेनं, आणि चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं हसू.

तो भरत, डोंगरातल्या तळेघरच्या शाळेतला मास्तर. मनात येईल ते तो वहीत लिहायचा आणि शनिवारची सकाळची शाळा सुटली की दीड तासाच्या एसटीनं खाली यायचा. आजवर दुसऱ्या एका कॅफेत एका बोटानं स्वतःच टाइप करत होता, पण लेख अर्धा होतो न होतो तोच लोडशेडिंगची वेळ व्हायची. वाचणारे होते तेरा-चौदा जण.

वृषालीनं वही ओढून घेतली. वहीला चुलीच्या धुराचा वास होता. आत लिहिलं होतं, त्याच्या शाळेला कॉम्प्युटर मिळाला होता, पण शाळेत वीजच नव्हती. हेडमास्तरांनी कॉम्प्युटरला मखमली झाकण शिवून घेतलं होतं आणि दसऱ्याला झेंडूचा हार घालून पेढा ठेवला होता. टाइप करता करता वृषालीला हसू आवरेना. ओढणी तोंडाशी धरून तिनं तिरकं पाहिलं, तर मास्तर स्क्रीनकडे नाही, तिच्याकडेच बघत होते.

मग दर शनिवारी तो तिच्याकडेच येऊ लागला. कधी मोबाइलची रेंज गावातल्या एकाच खडकावर कशी मिळते ते लिहिलेलं असायचं, कधी पुढाऱ्यांची भाषणं, कधी पेपरातली एखादी विचित्र बातमी. एका गावच्या मतदार यादीत म्हणे कुणा बाईच्या नावापुढे बैलाचा फोटो छापून आला होता. तो लेख टाइप करताना वृषालीच्या बोटांना राहवलं नाही. शेवटी तिनं आपल्या मनानं एक ओळ घातली : बैलानं मात्र अजून तक्रार केलेली नाही.

पुढच्या शनिवारी तो आल्या आल्या म्हणाला, "बैलाच्या लेखातली शेवटची ओळ माझी नव्हती."

"चुकून पडली असंल," ती कीबोर्ड पुसत म्हणाली.

"चुकून इतकी चांगली ओळ पडत असेल... तर दर शनिवारी चुकत जा."

त्या दिवसापासून वहीत प्रत्येक लेखाखाली तो तीन ओळी कोऱ्या सोडू लागला. तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं – 'इथे तुम्ही.' त्या तीन ओळींत काय येणार, याची वाट आता वाचणारेही पाहत होते. आणि वृषाली? अवसरीच्या घरी भाकऱ्या थापताना ती मधेच गालात हसायची. आई, सारजाबाई, विचारायची, "काय गं, एकटीच?" ती तव्यावरची भाकरी उलटायची.

माघात भरतनं पाण्याच्या टाकीवर लिहिलं. भागातल्या एका पुढाऱ्यानं एकाच टाकीचं दोनदा उद्घाटन केलं होतं, नळाला पाणी मात्र नव्हतं. वृषालीनं खाली लिहिलं : दोन्ही नारळांचं पाणी टाकीत ओतलं असतं, तर निदान तेवढं तरी नळाला आलं असतं.

ही ओळ मंचरभर झाली. कुणीतरी लेखाचा प्रिंट काढून पुढाऱ्याला दाखवला. पुढच्या शनिवारी भरत आला नाही. त्याच्यापुढच्या शनिवारीही नाही. मग संपतभाऊंकडून कळलं, मास्तरांच्या नोकरीवर गदा आलीय. शिक्षण खात्यातल्या वरच्या साहेबांनी बोलावून विचारलं होतं, बाकीचं सोडा, ती नारळाची ओळ कुणाची? भरतनं सांगितलं होतं, सगळं माझंच आहे.

त्या संध्याकाळी वृषाली कांद्याच्या रानात वडिलांजवळ जाऊन बसली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. भिमाजींनी ती ओळ दोनदा म्हणायला लावली. दुसऱ्यांदा ते पोट धरून हसले.

"आबा, मी नाव घालते माझं. पर लोक बोलतील. मास्तरचं आन् माझं..."

"बोलू दे. आपल्यापायी दुसऱ्याची नोकरी जायची न्हाई." त्यांनी बांधावरचं खुरपं उचललं. "त्या मास्तरचं लगीन झालंय का?"

"नाय."

"बरं," एवढंच आबा म्हणाले. वृषालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

दुसऱ्या दिवशी ब्लॉगवर एकच वाक्य आलं. नारळाची ओळ मास्तरांची नाही, माझी आहे. – वृषाली, अवसरी बुद्रुक.

पुढाऱ्याला ते वाचून दाखवलं, तेव्हा त्यानं गावाचं नाव पुन्हा विचारलं. निवडणूक दोन महिन्यांवर होती. अख्ख्या अवसरीच्या भावकीशी वैर घेणं त्याला परवडणारं नव्हतं. चेष्टाच ती, असं म्हणून त्यानं विषय मिटवला.

शनिवारी भरत आला. वही नव्हती. दोन्ही हात त्यानं काउंटरवर टेकले.

"नाव कशाला घातलंत? आता लोक ते माझ्या नावाला जोडतील."

"तुमी का नाय सांगितलं साहेबांना?"

"तुमच्यावर आलं असतं..." तो थांबला. "ते मला सोसवलं नसतं."

पंखा घरघरत होता. वृषालीनं स्क्रीनवरची नजर काढून त्याच्यावर ठेवली.

"मग जोडू द्या की नाव," ती हळूच म्हणाली. "मला चालंल."

रविवारी भरत अवसरीला आला. साऱ्या जगावर लिहिणाऱ्या या माणसाला ओसरीवर बसल्यावर एक शब्द सुचेना. चहा निवून गेला.

"मास्तर, लिवता एवढं. बोला की," भिमाजी म्हणाले.

"वृषाली मला आवडते," भरत एका दमात म्हणाला. "लग्न करायचंय. तिला विचारूनच आलोय."

भिमाजींनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली. "चला, रान दाखवतो," असं हसत म्हणून ते निघाले. भरत त्यांच्यामागं चालू लागला. बांधाच्या वळणावर त्यानं मागं वळून पाहिलं. वृषाली अंगणात येऊन उभी होती... या वेळी तिनं ओढणी तोंडाशी नेली नाही. सरळ त्याच्याकडे बघत ती हसली, आणि त्याचा पाय वाफ्याच्या पाण्यात गेला.