तीन मिनिटांची साक्ष

झुलत्या पुलाच्या बरोबर मधोमध ब्रिनचे पाय थांबले ते थांबलेच. हातात वाळूची बादली, खाली खळाळती नदी, आणि पुढची फळी जागेवर नाही! समोरून एक तरुण आला. डोक्यावर भलामोठा पत्रा, चाल मात्र घरच्या अंगणात फिरावं तशी.

"मागे हो जरा," तो तिच्याच भाषेत म्हणाला.

"नाही जमणार."

"मग पुढे ये."

"तेही नाही…"

"बरं. मग इथेच राहू. जेवण पाठवायला सांगतो."

एवढ्या भीतीतही ब्रिनला हसू फुटलं. त्याने पत्रा तसाच तोलून धरला आणि तो उलट्या पावलांनी मागे सरकू लागला. "खाली बघू नकोस. माझ्या नाकाकडे बघ. वाकडं आहे, तेवढाच वेळ जाईल."

नाक खरंच वाकडं होतं. त्याच्या वर मात्र दोन काळेभोर डोळे होते, आणि ती फट ओलांडून पलीकडे पोचेपर्यंत ब्रिनची नजर नाकावर कमी आणि डोळ्यांतच जास्त अडकली. हे तिच्या मैत्रिणीने, टेसाने, मागून पाहिलं, आणि टेसाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

त्याचं नाव अब्दीएल. ग्वाटेमालाच्या त्या डोंगराळ गावात दरवर्षी अमेरिकेहून मिशनच्या तुकड्या यायच्या, त्या सगळ्यांचा दुभाषा तोच. त्याची आई, दोन्या (म्हणजे तिकडचं 'बाई') एउलालिया, पाहुण्यांचा स्वयंपाक करायची. या वर्षीची तुकडी नेब्रास्काची होती. चौदा तरुण पोरंपोरी, दहा दिवस, शाळेची एक भिंत बांधायची आणि दुपारी मुलांना बायबलची गाणी शिकवायची. तुकडीचे प्रमुख होते पाळक रॉय हाल्वर्सन, म्हणजे ब्रिनचे वडील.

विमानतळावरच त्यांनी नियम सांगितला होता. मुलगे निळे, मुली लाल, आणि या प्रवासात जांभळा रंग, म्हणजे दोघांचं मिश्रण, कुठेही दिसता कामा नये. दिसला, तर दोघांचीही पुढच्या विमानाने घरी रवानगी.

"तुला जांभळी छटा यायला लागलीय हं," सळ्यांना तार गुंडाळता गुंडाळता टेसा कुजबुजली.

"गप गं! डॅड ऐकतील."

"ते सिमेंट कालवतायत. तुझा दुभाषा मात्र इकडेच येतोय…"

तो आला तो वही घेऊन. रविवारी गावच्या चर्चमध्ये ब्रिनला साक्ष द्यायची होती — देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते तीन मिनिटांत सांगायचं. घरी तिने ती घड्याळ लावून घोकली होती. पाठ कसली करायची म्हणा, ती साक्ष तर ती नऊ वर्षांची असल्यापासून देत आली होती! शेतातल्या गोठलेल्या तळ्यावर बर्फ फुटला, ती आत गेली, पाण्याखाली तिने देवाला हाक मारली, आणि त्याच क्षणी वडिलांचा हात तिच्या हाताला लागला. नेब्रास्कात ही गोष्ट ऐकून बायका रुमाल काढत.

"सगळं आधी नीट लिहून घेतो मी," अब्दीएल म्हणाला. "ऐन वेळी अडखळलो तर लोक मलाच हसतात. सांग, पाण्याखाली काय म्हणालीस?"

"देवाला हाक मारली."

"हो, पण नेमके शब्द?"

इतक्या वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं.

"आठवत… नाही."

"इतकी वर्षं सांगतेस आणि आठवत नाही?" तो हसला. "बरं, जागा मोकळी ठेवतो. आठवलं की सांग."

त्या मोकळ्या जागेने तिची झोप उडवली. खरं म्हणजे तिने हाक मारलीच नव्हती. पाण्याखाली काळोख होता, थंडी होती आणि नुसती भीती होती, बाकी काहीच नव्हतं. दवाखान्यात आईने विचारलं होतं, "तू प्रार्थना केलीस ना गं?" आणि तिने मान हलवली होती. एवढंच. त्या एका होकारावर दहा वर्षांची इमारत उभी राहिली होती, आणि डॅडनी तर त्यावर चार प्रवचनंही दिली होती.

अब्दीएल रोज यायचा. कधी तिच्या विटांच्या रांगेत भर घालायला, कधी उगाच. तिच्या कॉफीत साखर जास्त घालायचा आणि वर विचारायचा, "गोड झाली का? मग माझा हात लागलाय." ती हसायची, पण वही दिसली की नजर चुकवायची. हा किती सरळ बघतो… आणि आपण याच्याच तोंडून याच्याच माणसांना खोटं सांगणार!

शुक्रवारी त्याने वही उघडलीच नाही.

"ब्रिन, एक सांगू? आई तुझ्या साक्षीची फार वाट बघतेय."

"का?"

"माझी धाकटी बहीण, नोएमी. दोन वर्षांपूर्वी याच नदीत गेली." तो भिंतीकडे बघत बोलत होता. "आईला तुला विचारायचंय, तू काय म्हणालीस म्हणून. तिला वाटतं, नोएमीला ते शब्द शिकवायचे राहून गेले."

ब्रिनच्या हातातली पक्कड खाली पडली. आता भीती नियमाची नव्हती, वडिलांची नव्हती. आपण त्या माउलीच्या पदरात केवढं मोठं खोटं टाकतोय, याची होती. आणि खरं सांगितलं तर? डॅडची मान खाली जाईल, आणि हे काळेभोर डोळे पुन्हा कधी आपल्याकडे असे बघणार नाहीत.

रविवार उजाडला. चर्च खच्चून भरलं होतं आणि ब्रिनची पाचावर धारण बसली होती. ती उभी राहिली आणि नेमका पाऊस कोसळला. पत्र्याच्या छपरावर असा काही ताशा सुरू झाला की स्वतःचा श्वास ऐकू येईना. अब्दीएल अगदी जवळ सरकला, कान तिच्या ओठांशी नेला. पहिल्या बाकावर डॅड. दुसऱ्या बाकावर दोन्या एउलालिया, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून.

तळं, बर्फ, थंडी… इथवर तो एकेक वाक्य ओरडून सांगत गेला. मग ती थांबली.

"मी हाक मारली नाही," ती म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. पावसात ते फक्त त्याने एकट्याने ऐकलं होतं. अजूनही मागे फिरता आलं असतं.

"हे… हे सांगू?"

"हो. सांग. मी काहीच म्हणाले नाही. मला नुसती भीती वाटत होती. मी एकही शब्द न बोलता वाचले. का, ते मला माहीत नाही. हाक मारली असं सांगत आले, ते खोटं होतं."

मग मोठ्याने, एकेक शब्द तोडून, त्याने ते आपल्या लोकांना सांगितलं. शेवटी त्याचा आवाज फाटला.

"काय म्हणाली ती?" डॅड ओरडले. ब्रिनने डोळे मिटले आणि सगळं पुन्हा एकदा, घसा फोडून, वडिलांना सांगितलं.

दोन्या एउलालिया उठली. ब्रिनला वाटलं, आता ही निघून जाणार. पण ती पुढे आली आणि तिने ब्रिनचा चेहरा ओंजळीत धरला. काहीतरी बोलत राहिली, रडत राहिली.

"ती म्हणतेय," अब्दीएल घोगऱ्या आवाजात म्हणाला, "म्हणजे माझ्या पोरीचं काही चुकलं नव्हतं. माझंही नाही."

डॅड केव्हा शेजारी येऊन उभे राहिले ते तिला कळलंच नाही. तिने भीत भीत वर पाहिलं.

"तुला ओढून काढताना," ते म्हणाले, "माझ्याही तोंडून प्रार्थना निघाली नव्हती गं. शिवी निघाली होती. चांगली सणसणीत." आणि त्यांनी तिला जवळ घेतलं.

मंगळवारी निघायची बस आली. सगळे मिठ्या मारत होते आणि रडत होते. पोरं एकामागून एक म्हणत होती, "आम्ही नक्की परत येऊ!" आणि अब्दीएल ते इमानेइतबारे गावाला सांगत होता. दरवर्षी सांगायचा. आजवर परत कोणीच आलं नव्हतं.

ब्रिन शेवटी राहिली.

"तूही म्हण," तो म्हणाला. हसत होता, पण डोळे हसत नव्हते. "परत येईन म्हण. मला सवय आहे."

"नाही म्हणणार. मला माहीत नाही… कॉलेज आहे, डॅड आहेत. आता उगाच खोटं बोलायची हिंमत नाही माझ्यात."

"बरं." त्याने मान खाली घातली.

"पण एक खरं आहे, ते सांगते." बसच्या खिडकीत डॅड होते, टेसा होती, आणि जांभळ्या रंगाचा नियम अजून लागू होता. तिने पायरीचा दांडा घट्ट धरला. "मला तू आवडतोस, अब्दीएल. खूप. आणि यातून काहीच झालं नाही तर, याची मला भीती वाटते."

त्याने मान वर केली.

"मलाही," तो अखेर म्हणाला. "दोन्ही. आवडतेस तेही, आणि भीती वाटते तेही. पत्र लिहिशील?"

"लिहीन. हे अगदी खरं."

बसने हॉर्न वाजवला. दोन्या एउलालियाने मुलाची बाही ओढली आणि काहीतरी विचारलं. एवढ्या दिवसांत ब्रिनला तो प्रश्न पाठ झाला होता: काय म्हणाली ती?

अब्दीएलने ब्रिनकडे पाहिलं, कानापर्यंत लाल झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने भाषांतर केलं नाही.