जा म्हणायला आलेले मास्तर

कार्तिकातला पाऊस कुणी बोलावलेला नसतो. तुळशीची लग्नं लागली, भात कापून झालं, भारे खाचरात वाळायला पडले आणि घोटावडे गावावरचं आभाळ एकाएकी काळवंडलं. घरात आत्यानं, सगुणाबाईनं, गोजराला न्हाऊमाखू घालून नवं लुगडं नेसवलं होतं. पौडाचं स्थळ तिला बघायला यायचं होतं. मुलगा नोकरीला आहे, एवढंच तिच्या कानावर घातलेलं. पण पहिला थेंब पत्र्यावर वाजला आणि गोजरा मागच्या दारानं निसटली. वर्षभराचं भात भिजलं तर नवरदेव काय वाळवून देणार होता?

पदर खोचून ती भारे ओढत होती. तेवढ्यात बांधावरून एक तरुण आला. पांढरा पायजमा, कोट, हातात छत्री. त्यानं छत्री बांधावर ठेवली, कोटाच्या बाह्या सारल्या आणि न विचारताच एक भारा उचलला.

“ओ, तसा नव्हं! लोंब्या आत, बुडखं बाहीर!”

“असा?”

“व्हय, असा. तुमच्या गावात भात पिकत न्हाई का?”

“नाही. शिरूरकडचा मी. आमच्याकडं बाजरी.”

“मग बरोबर हाय,” ती म्हणाली. “बाजरीगत उभं ऱ्हाऊ नगा, तो भारा द्या हिकडं.”

तो हसला. हसताना त्याच्या मिशीवरून पावसाचा थेंब ओघळला, आणि गोजराला उगीचच दुसरीकडे बघावंसं वाटलं. भाऱ्यांची उडवी रचून झाली, वर पेंढा पडला, तशी सर ओसरली.

“हैबतरावांचं घर कुठलं?” त्यानं विचारलं. “पौडाहून आलोय.”

बापाचं नाव ऐकून गोजराच्या हातातली काडी गळाली. म्हणजे हाच... आणि आपण याला बाजरी म्हणालो!

“त्या आंब्यामागचं,” ती कशीबशी म्हणाली. “पर बांधावर कोन भेटलं, ते सांगू नगा.”

“का बरं?”

“असंच...” आणि ती ओढ्याच्या अंगानं अशी पळाली, की पाहुणा ओसरीवर टेकायच्या आत ती चुलीपुढं पोचलेली होती.

सगुणाबाईनं पाहुण्याच्या कोटावरचा पेंढा पाहिला, एकटाच आलाय तेही पाहिलं. “शिकलेली पोरं, आपली आपन येत्यात,” असं मनाशी म्हणून तिनं शिऱ्याची ताटली गोजराच्या हातात दिली. गोजरा खाली मान घालून पाटावर बसली. हैबतराव खाकरले.

“इचारा पोरीला काय इचारायचं ते,” आत्या म्हणाली.

पाहुणा गोंधळला. मग खूश झाला. “शिक्षण किती?”

“सातवी पास.”

“गणित कसं होतं?”

हैबतरावांनी बहिणीकडं पाहिलं. बहीण म्हणाली, “पाव्हणं, सैपाकाचं इचारा की! भाकरी अशी पातळ थापती...”

“स्वयंपाक येत असेलच हो. पुढं काय व्हायचं मनात आहे?”

गोजराला याआधी दोघं बघून गेले होते. एकानं चालून दाखवायला सांगितलं, एकानं केस सोडून दाखवायला. मनात काय आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं मान वर केली. समोरचे डोळे खरंच उत्तराची वाट बघत होते.

“मास्तरीण,” ती म्हणाली. आपला आवाज एवढा मोठा आला याचं तिलाच नवल वाटलं.

तेवढ्यात डोक्यावर हंडा घेऊन धाकटी बहीण कमळ अंगणात आली आणि जागच्या जागी उभी राहिली. “सर! तुमी हितं?”

मग उलगडा झाला. ते पौडाच्या हायस्कुलातले जयसिंग मास्तर. अकरावीतल्या पोरांपुढं कुठल्या वाटा आहेत, हे आईबापांना सांगायला ते दर आयतवारी एकेकाच्या घरी जात. कुणी तलाठ्याच्या परीक्षेला बसावं, कुणी ओव्हरसियर व्हावं. कमळनं पुण्याच्या दवाखान्यात नर्सचं शिक्षण घ्यावं, एवढं सांगायला ते आले होते. मोठी मुलगी पुढं बसवली, तेव्हा हिच्याबद्दलही सल्ला हवा असेल, असं त्यांना वाटलं. खरे पाहुणे पावसामुळं आलेच नव्हते, निरोपही धाडला नव्हता.

मास्तरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. गोजरा आत पळाली आणि मडक्यांच्या उतरंडीआड तोंड दाबून हसली. हसता हसता डोळे का भरले, ते तिला कळलं नाही.

जाताना ते दाराशी थांबले. “माफ करा. मी काहीतरीच विचारत बसलो.”

“इचारलं ते बरं केलं,” ती दाराआडून म्हणाली. मग राहवलं नाही. “पर पाव्हणं... पसंत पडली का न्हाई पोरगी, ते सांगितलंच न्हाई तुमी.”

मास्तरांनी छत्री उघडली. पाऊस नव्हता. ती मिटली. “सातवी पास मुलींना पुण्याला मास्तरणीचं ट्रेनिंग मिळतं,” ते म्हणाले. “दोन वर्षांचं. राहायची सोय असते.”

“मी काय इचारतीया, तुमी काय सांगताय!”

“मला तेवढंच सांगता येतं,” ते पुटपुटले, आणि चिखलात पाय घसरत घसरत निघाले.

पुढच्या आयतवारी ते पुन्हा आले. कमळला इंग्रजी कठीण जातं म्हणून. त्याच्या पुढच्या आयतवारीही आले. इंग्रजी कठीण ते कठीणच राहिलं. मध्ये पौडाचे खरे पाहुणे येऊन, देण्याघेण्यावर अडून, निघून गेले. त्यांची आठवणही कुणी ठेवली नाही. ओसरीवर कमळ धडा वाचायची आणि गोजरा तांदूळ निवडता निवडता कान द्यायची. मास्तर तिच्यापुढं जुनी पुस्तकं ठेवायचे. भूगोल, व्याकरण.

“ह्या नकाशात आमचं गाव कुटं हाय?” ती विचारायची.

“एवढ्या लहान गावाचं नाव नकाशात नसतं.”

“मग नकाशाच चुकलाय. तुमाला एवढं लांबून सापडलं न्हवं?”

कमळ पुस्तकात तोंड खुपसून म्हणायची, “ताई, मला धडा ऐकू येत न्हाई.”

गावाला मात्र सगळं ऐकू येत होतं. माघात एका सकाळी हैबतरावांनी मास्तरांना बसवून घेतलं. गोजरा आत चुलीपाशी होती. तिला प्रत्येक शब्द पोचत होता.

“मास्तर, तुमी आपल्यातलं. पोरं तुमाला मानत्यात. गावात कुजबुज चाललीया, तवा सरळच बोलतो. थोरली तुमी पदरात घ्या. मग धाकटीला मी खुशाल पुण्याला धाडतो. थोरली घरात असताना धाकटी घराबाहीर, हे लोक खपवून घेत न्हाईत.”

गोजराच्या मनातलंच बाप बोलला होता... आणि तरी काहीतरी टोचलं. कमळ दवाखान्यात जाणार, मास्तर शाळेत जाणार आणि ती पुन्हा चुलीपुढं. चूल तेवढी पौडाची. मनातलं एकदा मोठ्यानं बोलून गेलेली बाई पुन्हा मुकी कशी व्हायची?

ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली. “आबा, एक पोरगी देऊन दुसरीची वाट मोकळी करायची, हे मला न्हाई पटत.”

“गोजरे! आत जा!”

“जाती. पर आदी मास्तरांनी बोलावं.” तिनं त्यांच्याकडं पाहिलं. “साऱ्या पोरांना सांगत फिरता, शिका, बाहीर पडा. मग मला सांगा. मी ट्रेनिंगला जाऊ का नगं?”

मास्तर उभे राहिले. कोटाचं बटण लावलं, पुन्हा काढलं.

“सांगा की.”

“साऱ्या तालुक्याला जा म्हणतो मी,” ते अखेर म्हणाले. “तुम्हाला मात्र... जा म्हणवत नाही.”

“का?”

“दोन वर्षं फार लांब असतात.” त्यांनी हैबतरावांकडं बघायचं टाळलं. “आयतवार ते आयतवारच मला जड जातात.”

सगुणाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. सारं विसरून हो म्हणावं, असं गोजराला त्या घडीला वाटलं. पण मास्तरच पुढं बोलले, हळू आणि ठाम, “तरी म्हणतो. जा. तुम्ही न जाता माझ्याकडं आलात, तर मला दुसऱ्या कुणाच्या दारात उभं राहायला तोंड उरणार नाही.”

“मग मी जाती,” ती म्हणाली. “आन् तुमी थांबायचं.”

“थांबेन.”

हैबतराव खांबाला टेकले. त्यांचा राग केव्हाच निवाला होता. “दोगी गेल्यावर घर खायाला उठंल गं मला,” ते एवढंच म्हणाले. बायको गेल्यापासून याच पोरीनं त्यांचं घर उभं ठेवलं होतं.

“मी मेलीया का?” सगुणाबाई कडाडली. “भाकरी मी थापीन. आन् लोकांचं म्हनाल, तर साखरपुडा करून टाका. ठरलेल्या पोरीला कोन नाव ठेवतंय? दादा, आपल्या दोगांना सही करताना आंगठा पुढं करावा लागतो. ह्यांनी का करावा?”

हैबतरावांनी डोळे पुसले आणि गुळाचा खडा आणायला सांगितलं.

ज्येष्ठात घोटावड्याच्या फाट्यावर पुण्याची एस.टी. उभी राहिली. दोघी बहिणींच्या दोन ट्रंका टपावर चढल्या. रिमझिम चालू होती. खिडकीशी गोजरा, खाली मास्तर. सांगायचं सारं कालच सांगून झालं होतं, म्हणून दोघांनाही आता बोलणं सुचत नव्हतं.

“दर शनिवारी शाळा सुटली की पुण्याला आलो तर?” मास्तरांनी विचारलं.

“दर शनवारी नगं. अभ्यास असतो.”

“मग?”

“महिन्यातनं एकदा.”

“एकदाच?” ते बिचारे वर्गातल्या पोरासारखे बघत राहिले.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली, चिखल उडाला, मास्तर दोन पावलं मागं सरले. गाडी वळणावर गेली न गेली, तोच खिडकीतून एक ओलं डोकं बाहेर आलं.

“मास्तर! येता शनवार त्या एकात धरू नगा. तो येगळा!”